कच्चा लिंबू कुणीच नाही!

‘ताई, हा चारिझार्ड किती लाखांना जाईल?’

विचारणारा दहा वर्षांचा, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांचा मुलगा. मे महिन्यातली दुपार, पार्किंगच्या सावलीत टाकलेली सतरंजी आणि भोवती पाच-सहा पोरं. त्याने कंपासपेटी उघडली, टिश्यू पेपर बाजूला केला आणि एक सोनेरी, चकचकीत कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी अकरावीपासून पोकेमॉनचा कार्डगेम खेळते, म्हणजे सतरंजीवरची एक्स्पर्ट मीच! कार्ड उलटं केलं आणि दोन सेकंदांत निकाल देऊन टाकला, ‘अरे, हे डुप्लिकेट आहे.’

पोरं फिदीफिदी हसली. त्याने कार्ड परत घेतलं, टिश्यूत गुंडाळलं, कंपासपेटीचं झाकण लावलं आणि निघून गेला. पुढचे चार दिवस तो तिकडे फिरकलाच नाही.

सुट्टीत घरातल्या किंवा सोसायटीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना हा खेळ शिकवायचं तुमच्या डोक्यात असेल, तर माझी ही चूक आधी लक्षात ठेवा. नियम कसे शिकवायचे ते पुढे सांगतेच. पण मुलं खेळायला बसतात तेव्हा त्यांच्या हातात नुसता पुठ्ठा नसतो, हे मला त्या चार दिवसांत कळलं.

पत्त्यांचा कॅट आणि हा खेळ

आपण पोकेमॉन पाहिला तो टीव्हीवर, हिंदीतून. मूळ गोष्ट मात्र टीव्हीच्या आधीची आहे. सातोशी ताजिरी या जपानी गेम डिझायनरला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. त्या नादातून सुचलेला पोकेमॉनचा पहिला व्हिडिओ गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची कार्डं आली आणि जानेवारी १९९९ मध्ये इंग्रजी आवृत्ती. ती काढली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकन कंपनीने. याच कंपनीने १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ बाजारात आणला होता. कार्डं जमवा, एकमेकांत बदला आणि त्यातूनच स्वतःचा डेक बांधून खेळा, ही कल्पना तिथून जगभर गेली.

मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना पत्त्यांचा कॅट एकच असतो. तुमचे बाबा कुणीही असोत, वाटताना राजा कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. इथे तसं नाही. इथे प्रत्येक जण आपापली ६० कार्डं घरून आणतो. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच पैसा सतरंजीवर येऊन बसलेला असतो. आमच्याकडे सातवीतला एक जण होता. त्याचा मामा न्यू जर्सीला. त्याच्याकडे अस्सल कार्डांची अख्खी फाइल, प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या कप्प्यात. आणि दुसऱ्या टोकाला कंपासपेटीतला एक सोनेरी चारिझार्ड.

ही सोनेरी कार्डं तुम्हीही पाहिली असतील. स्टेशनरीच्या दुकानात, जत्रेत, खेळण्यांच्या गाडीवर डबेच्या डबे मिळतात. अस्सल इंग्रजी पाकिटात साधारण दहा कार्डं असतात, त्याहून कमी पैशांत ही नकली पन्नासेक येतात. ओळखायला सोपी. अस्सल इंग्रजी कार्डाची मागची बाजू गडद निळी असते आणि मधोमध पोकेबॉल असतो. नकली कार्ड दोन्ही बाजूंनी सोनेरी तरी असतं किंवा निळा रंग फिका पडलेला असतो. स्पेलिंग चुकलेलं असतं, अक्षरं पसरलेली असतात, कधी पोकेमॉनची ताकद हजारोंच्या आकड्यात छापलेली असते. अस्सलमध्येही सोनेरी कार्डं निघतात बरं का! पण त्यांची पाठ नेहमीसारखी निळीच असते.

हे सगळं मला माहीत होतं. ते कधी आणि कुणासमोर बोलावं, तेवढं माहीत नव्हतं.

आधी डबा, मग नियम

पाचव्या दिवशी मी वॉचमनकाकांच्या खोलीपाशी गेले. ‘सॉरी रे’ म्हणाले. ‘काय नाय ताई,’ म्हणत तो हंडा उचलून नळाकडे निघाला. मग मी खरं कारण सांगितलं. ‘पाच जणच आहेत. एक जोडी अडतेय. येतोस?’ त्याने हंडा खाली ठेवला.

तोवर मी एक शहाणपणाचं काम केलं होतं. कॉलेजातल्या एका मित्राकडून साध्या कार्डांचा ढीग मागून आणला. कार्डं जमवणारे लोक दुर्मिळ कार्ड ठेवतात आणि बाकीची बुटाच्या खोक्यात कोंबतात. शिकायला नेमकी तीच उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावरचा मजकूर थोडका असतो आणि हल्ले सरळ असतात. त्यातून मी ३०-३० कार्डांचे सहा डेक बांधले आणि एका डब्यात ठेवले. अर्ध्या डेकची ही युक्ती माझी नाही. कंपनीही पूर्वी ‘ट्रेनर किट’ नावाने ३० कार्डांचे दोन डेक एकत्र विकायची. अलीकडच्या ‘बॅटल अकॅडमी’ या खोक्यात पट आणि ६० कार्डांचे तीन तयार डेक असतात. चार जणांनी वर्गणी काढून असा एखादा संच घेतला तरी चालतं. एक-एक पाकीट फोडत बसण्यापेक्षा ते कधीही बरं. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही. ती लॉटरी आहे, आणि लॉटरीचं तिकीट लहान मुलाच्या खाऊच्या पैशांतून काढू नये.

मग सतरंजीचा पहिला नियम ठरला. घरची कार्डं दाखवायची, मिरवायची, पण खेळायचं फक्त डब्यातल्या डेकने. सातवीतला थोडा फुगला. पण कॅट एक झाला!

पाच दिवसांचे पाच धडे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे नियम सांगणं. मुलं तिसऱ्या वाक्याला कावळे मोजायला लागतात. आम्ही रोज एकच नवी गोष्ट घ्यायचो, वीस मिनिटांच्या आत.

पहिला दिवस, नुसती मारामारी. दोघांचीही पानं उघडी. पुढे एक बेसिक पोकेमॉन, आपल्या पाळीला त्याला एकच एनर्जी कार्ड लावायचं, हल्ल्याला लागते तेवढी एनर्जी जमली की मारायचं. हल्ला केला की पाळी संपली. मार मोजायला आम्ही राजम्याचे दाणे वापरले, एक दाणा म्हणजे १०. पोकेमॉनच्या एचपीइतके दाणे जमले की तो बाद. पहिली पाळी ज्याची, त्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही, हे मात्र तेव्हाच सांगून टाका. नाहीतर भांडण ठरलेलं.

दुसरा दिवस, बेंच. पुढच्या पोकेमॉनच्या मागे जास्तीत जास्त पाच जण बसतात. पुढचा दमला की एनर्जी मोजून त्याला मागे घ्यायचं आणि ताज्याला पुढे आणायचं. मुलांना हे समजावताना मी खो-खो सांगितला. नऊही जण एकदम पळत नाहीत, पण बसलेलाही खेळात असतोच.

तिसरा दिवस, वाढ. चारमँडरचा चारमेलियन, त्याचा चारिझार्ड. बेंचवर आल्या आल्या त्याच पाळीत वाढवता येत नाही, एक पाळी थांबावं लागतं. या दिवशी मुलं पहिल्यांदा ‘आत्ता मारू की पुढच्या वेळी मोठं होऊन मारू’ असा विचार करायला लागतात. मला विचाराल तर खेळ इथे सुरू होतो.

चौथा दिवस, ट्रेनर कार्डं आणि कमजोरी. कमजोरी म्हणजे पाढे. समोर ७० एचपीचा पाण्याचा पोकेमॉन, तुमचा विजेचा हल्ला ४० चा. पाण्याच्या बऱ्याच पोकेमॉनची कमजोरी वीज, म्हणून ४० दुणे ८०. खलास! ट्रेनरमध्ये ‘आयटम’ हवे तेवढे खेळा, ‘सपोर्टर’ मात्र पाळीला एकच.

पाचवा दिवस, बक्षिसं आणि स्वतःचा डेक. पूर्ण खेळात सहा कार्डं पालथी ठेवतात. समोरचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं आपलं एक उचलायचं, आधी सगळी उचलेल तो जिंकला. काही तगड्या पोकेमॉनना हरवलं की दोन-तीन उचलता येतात, पण ती भानगड नंतर. समोरच्याकडे खेळात एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला उचलायला त्याच्याकडे कार्डच नसेल, तरीही तुम्ही जिंकलात. अर्ध्या डेकला आम्ही तीनच बक्षिसं ठेवली. डेक बांधताना एकाच नावाची चारच कार्डं, साधी एनर्जी मात्र कितीही.

भाषेचं काय, असं तुम्ही विचाराल. कार्डं इंग्रजीत आणि आमचे दोन खेळाडू मराठी शाळेतले. आम्ही एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक ट्रेनर कार्डाचं नाव आणि त्यापुढे मुलांनीच लिहिलेला मराठी अर्थ. ‘प्रोफेसर्स रिसर्च’ या कार्डापुढे आमच्या कंपासपेटीवाल्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘हातातलं सगळं फेक. सात नवीन घे. रडू नको.’ शेवटचं वाक्य कार्डावर नाही, पण असायला हवं! हातातली चांगली पानं टाकून देणं मुलांच्या जिवावर येतं. पहिल्या आठवड्यात ते कार्ड कुणी खेळतच नव्हतं. ज्या दिवशी एकाने खेळलं आणि जिंकला, त्या दिवसापासून सगळ्यांना तेच हवं होतं.

आणि शिकवणाऱ्यासाठी एक नियम. हात पाठीमागे. मुलाच्या पानांना हात लावायचा नाही, ‘अरे ते नको, हे टाक’ म्हणायचं नाही. अधिकृत स्पर्धांमध्येही चालू डावात प्रेक्षकाने मदत केलेली चालत नाही, मग ती आई का असेना. फारच राहवलं नाही तर एकच प्रश्न विचारा, ‘पुढच्या पाळीला तो काय करेल असं तुला वाटतं?’

‘ताई, मारलं का नाहीस?’

आता माझी दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा मोठी असावी.

परत आल्यावर तो सलग पाच डाव हरला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही, पण डाव संपला की पानं फार सावकाश गोळा करायचा. मला वाटलं, आता याला एकदा जिंकवायला हवं. सहाव्या डावात माझ्या पोकेमॉनला हल्ल्यापुरती एनर्जी होती. मी मारलं नाही, ‘पास’ म्हणाले. त्याने पुढच्या पाळीत माझा पोकेमॉन बाद केला आणि जिंकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तो हसला नाही. माझ्या पोकेमॉनखालची कार्डं बोटाने सरकवून बघितली. ‘ताई, तुझ्याकडे दोन एनर्जी होत्या. मारलं का नाहीस?’

‘लक्षात नाही आलं रे.’

‘मला कच्चा लिंबू केलंस ना?’

कच्चा लिंबू म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. लपाछपीत ज्याच्यावर राज्य येत नाही, जो आउट झाला तरी आउट नसतो तो. लहान असताना आपण सगळेच कधी ना कधी कच्चा लिंबू होतो आणि आपल्याला ते कळायचंही. खेळात असतो, पण आपलं काही मोजत नाहीत. आधी मी चारचौघांत त्याचं कार्ड खोटं ठरवलं होतं, आता त्याचं जिंकणं खोटं केलं.

मग काय करायचं? मोठ्याने पूर्ण ताकद लावली तर लहान मूल महिनाभर हरेल आणि खेळ सोडेल. आम्हाला सापडलेले दोन उपाय सांगते. पहिला, जी सूट द्यायची ती आधी आणि उघड द्यायची. ‘मी चार बक्षिसं घेतली की जिंकणार, तू दोन घेतलीस की जिंकलास.’ त्यानंतर दोघांनीही जीव तोडून खेळायचं. यात जिंकलेला डाव खरा असतो, कारण अट दोघांना माहीत असते. दुसरा, डाव संपला की डेक बदलून पुन्हा खेळायचं. ‘तुझा डेक भारी होता म्हणून हरलो’ ही रडारड तिथेच मिटते. कधी खरंच डेक भारी निघतो. मग तो कशामुळे, यावर पोरांची चर्चा रंगते.

चर्चेवरून आठवलं. हरलेल्याने डाव संपल्यावर एकच वाक्य बोलायचं, ‘मी अमुक पाळीला अमुक केलं असतं तर...’ जिंकलेल्याने नुसतं ऐकायचं. सुरुवातीला ‘माझं नशीबच फुटकं’ हेच सगळ्यांचं वाक्य असायचं. तिसऱ्या आठवड्यात आमचा कंपासपेटीवाला म्हणाला, ‘मी तिसऱ्या पाळीला मागे घेतला असता तर माझ्या तीन एनर्जी वाचल्या असत्या.’ पुढच्या डावात त्याने तेच केलं आणि सातवीतल्या फाइलवाल्याला हरवलं. ना सूट, ना मेहेरबानी. तेव्हा मात्र तो हसला. चांगला दात दाखवून!

अदलाबदलीचा कायदा

खेळापेक्षा मोठी भांडणं अदलाबदलीत होतात. हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९९९ मध्ये कार्डांची लाट आली तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी याच भांडणांपायी कार्डं आणायला बंदी घातली होती. आणि मोठेही काही कमी नाहीत. मे २०२१ मध्ये तिथल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीला हाणामारीच्या भीतीने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवावी लागली.

आमच्याकडे माझ्या आठ वर्षांच्या मावसभावाने मावशीने वाढदिवसाला दिलेलं चमकणारं कार्ड तीन साध्या कार्डांना देऊन टाकलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडला. मावशीने पलीकडच्या आईला फोन लावला आणि प्रकरण दोन आयांवर गेलं. दुसऱ्या दिवशी पोरांनीच कायदा केला. कुठलीही अदलाबदल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मागे घेता येईल, कारण विचारायचं नाही. मोठ्याने लहानाशी बदल केली तर तिसरा साक्षीदार हवा. नकली कार्ड अस्सल म्हणून द्यायचं नाही. लेखी कायदा, वहीच्या शेवटच्या पानावर, सहा सह्यांसकट.

किमतीचे प्रश्न तर येतच राहतात. यूट्यूबवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं की लोगन पॉल नावाच्या यूट्यूबरने ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे एक कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतलं आणि २०२२ मध्ये त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. मुलांना ते खोटं आहे असं सांगू नका, कारण ते खरं आहे. पण पुढची गोष्टही सांगा. ते कार्ड नव्वदच्या दशकात जपानमध्ये चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना दिलं होतं. दुकानातल्या पाकिटात ते कधी नव्हतंच.

आणि कुणी एकट्याने, हळूच येऊन विचारलं, ‘हे खरं आहे का?’ तर खरंच सांगा, पण त्याच्या कानात. कसं ओळखायचं ते शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदाराला तोच विचारेल. आमच्या कंपासपेटीवाल्याला मी दोन कार्डं शेजारी ठेवून पाठ, अक्षरं, आकडे सगळं दाखवलं. त्याने नीट पाहिलं. मग म्हणाला, ‘पण मला हाच आवडतो.’ यावर मी काय बोलणार? आवडायला तो अस्सल असावा लागत नाही.

जगभर या खेळाचे क्लब आणि स्पर्धा चालवायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांना ‘प्रोफेसर’ म्हणतात. आमच्या सतरंजीवर मी ताईच राहिले, पण काम तेच. तुम्हाला काही स्पर्धा भरवायची नाही. एक सतरंजी, एक डबा, वाटीभर राजमा आणि रोजचा अर्धा तास पुरे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक मुलगी खाली आली. दुसरीतली असेल. हातात सोनेरी कार्डांचा डबा, नवाकोरा. तिने झाकण उघडलं आणि सातवीतला लगेच म्हणाला, ‘ए, हे तर...’

कंपासपेटीवाल्याने त्याला कोपर मारलं. मग डब्यात डोकावून म्हणाला, ‘मस्त आहेत. ही घरी जपून ठेव. खेळायला या डब्यातला डेक घे.’

ती सतरंजीवर बसली. त्याने तिच्यापुढे राजम्याची वाटी सरकवली.

‘मी चार घेणार, तू दोन. आणि मी मुद्दाम हरणार नाय हां. आधीच सांगतो.’